तराजूची दांडी, रेकॉर्डची सुई

जुन्या टर्नटेबलला नवा टोनआर्म बसवावा, असे अनेक रसिकांच्या मनात येते. टोनआर्म म्हणजे सुई धारण करणारी लांब दांडी. ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या तराजू हाताळला गेला, त्यांना तिचे मर्म चटकन उमगेल. एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला वजन आणि मध्ये टेकू, अशी तिची रचना असते.

इंग्लंडमधील स्विंडन येथे बनणारे ‘गॅरार्ड ३०१’ हे प्रसिद्ध टर्नटेबल १९५० च्या दशकात बाजारात आले, ते टोनआर्मविनाच. दांडीची निवड ग्राहकावर सोपवलेली असे. १९५९ मध्ये ‘एसएमई’ कंपनीने आपला टोनआर्म विक्रीस आणला. कंपनीचे संस्थापक अ‍ॅलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांनी तो आधी स्वतःच्या वापरासाठी घडविला होता. त्याची दांडी सुरीसारख्या धारेवर तोललेली होती. नाजूक तराजूचीही हीच रीत.

नव्या दांडीचा मोह होतो तो आवाजासाठी. पणाला मात्र रेकॉर्डचे आयुष्य लागलेले असते. पूर्वीच्या अनेक सुया पाच ग्रॅम किंवा त्याहून अधिक भाराने टेकत. आजच्या पुष्कळ कार्ट्रिजना दीड-दोन ग्रॅम पुरतात. भार वाढला की खाच झिजते, हे सहज पटते. परंतु तो फार घटविला तरीही हानीच होते. सुई खाचेत उसळते आणि तिच्या भिंती खरवडते. एकदा बिघडलेली खाच पुन्हा भरून येत नाही.

म्हणूनच केवळ किंमत पाहून दांडी घेऊ नये. लवचीक कार्ट्रिजला हलकी दांडी मानवते, ताठ कार्ट्रिजला जड. या जोडीचे स्वाभाविक कंपन सेकंदाला ८ ते १२ च्या दरम्यान असावे. ते त्याहून मंद असेल, तर वाकलेली रेकॉर्ड किंवा पावलांचा हादरा सुईला हेलकावे देतो. फार जलद असेल, तर खर्जाचे स्वर बिघडतात.

यंत्राच्या मूळ धातूला भोक पाडण्यापूर्वी दांडी वेगळ्या फळीवर बसविता येते का, ते पाहावे. काढलेली जुनी दांडी जपून ठेवावी. मूळ भागांसह असलेल्या यंत्राला मागणी अधिक असते. सुईचा भार मोजण्याचा लहान काटा अल्प किमतीत मिळतो. महागड्या दांडीआधी तो घरात यावा. कदाचित जुनीच दांडी नीट तोलल्यावर नव्या खरेदीची गरज उरणार नाही.