डॉ. देशमुखांचा कायदा आणि बहिणीचे हक्कसोडपत्र

मुंबईतील पेडर रोडला ज्यांचे नाव दिले आहे ते डॉ. गोपाळराव विनायक देशमुख हे समाजसुधारक ‘लोकहितवादी’ देशमुखांहून वेगळे. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक आणि वसाहतकाळातील केंद्रीय कायदेमंडळाचे सदस्य होते. १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा त्यांच्या विधेयकातून झाला. तोपर्यंत मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात पुरुष वारला की त्याचा हिस्सा हयात पुरुष सहहिस्सेदारांकडे जाई आणि विधवेस पोटगीवर राहावे लागे. या कायद्याने तिला पतीच्या जागी हिस्सेदार केले, मात्र तिची मालकी मर्यादित, म्हणजे हयातीपुरती उपभोगाची ठेवली.

मूळ मसुद्यात मुलीलाही वाटा होता, पण प्रवर समितीने, म्हणजे विधेयकाची कलमवार छाननी करणाऱ्या सदस्यांच्या समितीने, तो वगळला. शेतजमिनीच्या वारशाचा विषय १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांकडे गेल्यामुळे हा कायदा प्रांतांतील शेतजमिनीस लागू नाही, असे फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये ठरवले. मुलगी आणि शेतजमीन या दोन्ही जागा अशा मोकळ्या राहिल्या, आणि ठाणे जिल्ह्यात आजचा वारसावाद नेमका याच दोन गोष्टींभोवती फिरतो. हा दोष देशमुखांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांची मूळ मागणी अधिक पुरोगामी होती.

१९५६ च्या वारसा कायद्याने स्त्रीला पूर्ण मालकी दिली, तर १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलीला जन्मतः सहहिस्सेदार केले. तरीही निळजे, घेसर यांसारख्या डोंबिवलीलगतच्या गावांत, जिथे काल भाताची खाचरे होती तिथे इमारती उभ्या राहत असताना, वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलेले बहिणीचे नाव फार काळ टिकतेच असे नाही. माहेर तुटू नये म्हणून ती हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून देणाऱ्या नोंदणीकृत दस्तावर, सही करते, आणि बिल्डरचा करार त्यानंतर होतो. ही सही कायदेशीर असते. ती पुरेशा माहितीनिशी झाली की नाही हे मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून दुय्यम निबंधकाने अशा दस्ताच्या नोंदणीपूर्वी सोडणाऱ्या स्त्रीशी भावांच्या गैरहजेरीत बोलावे, तिच्या हिश्शाचे बाजारमूल्य तिला रुपयांत सांगावे आणि तो आकडा दस्तातच नमूद करावा, अशी दुरुस्ती राज्य सरकारने नोंदणी नियमांत करायला हवी.