नव्या अल्बमांनाही परीक्षण हवे

माननीय संपादक महाशय,



आपल्या रविवार पुरवणीत नव्या पुस्तकांची व नाटकांची परीक्षणे नेमाने प्रसिद्ध होतात आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांना त्यांचा केवढा आधार वाटतो, हे मी गेली तीस वर्षे अनुभवीत आहे. म्हणूनच एक उणीव आपल्या नजरेस आणण्याचे धाडस करतो. चित्रपटाच्या किंवा मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून, पदरमोड करून, रॉक संगीतात नवे प्रयोग करणारे जे संगीतकार आपले अल्बम रसिकांपुढे ठेवतात, त्यांच्या कामाची मराठी वृत्तपत्रांच्या दप्तरी क्वचितच नोंद होते.

गेल्या चैत्रात एका संध्याकाळी वीज गेली असता, ओट्यावर बसून पुतण्याने मला मोबाइलवर एक अल्बम ऐकविला. 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने संगीतरचना करणाऱ्या मुंबईच्या वॉरेन मेंडोन्सा यांचा, २०१७ सालचा, 'द लास्ट ॲनालॉग जनरेशन'. त्यात प्रामुख्याने गिटारच बोलते. वादक तार बोटाने दाबून बाजूला ओढतो, त्यासरशी स्वर वर चढतो, क्षणभर थरथरतो आणि पुन्हा मूळ जागी उतरतो; सतारीची मींड ऐकून तयार झालेल्या माझ्या कानाला ती भाषा मुळीच अपरिचित वाटली नाही. दुःख एवढेच झाले, की हे नाव मला वृत्तपत्रातून नव्हे, पुतण्याकडून कळले. बुद्ध-भीमगीतांच्या परंपरेला रॉकचा साज चढविणाऱ्या मुंबईच्या 'धम्म विंग्ज'चे नावही त्याच्याचकडून समजले. ज्या विदर्भात भीमगीते घरोघरी गाइली जातात, तेथील वाचकास ही वार्ता घरच्या मुलाकडून मिळावी, हे वृत्तपत्रांस भूषणावह नाही.

यावर असा आक्षेप येईल की हे संगीतच परकीय आहे. परंतु पेटी तरी कोठली? हार्मोनियम युरोपातून आली. गोविंदराव टेंबे यांच्या हाती तिला प्रतिष्ठा मिळाली आणि १९११ साली त्यांनीच 'मानापमान' या नाटकाला चाली दिल्या. पुढे १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिला मज्जाव केला. तरी गावोगावच्या भजनी मंडळांनी ती खाली ठेवली नाही. वाद्याची जन्मभूमी कोणती याची चौकशी आपल्या समाजाने कधी फार काळ चालविलेली नाही. ते वाजते कसे, हेच त्याने पाहिले. मराठी रंगभूमीनेही १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त नंदू भेंडे यांच्या रॉक वळणाच्या गायनास मुक्तद्वार दिले. त्या गाण्यांची चर्चा झाली, कारण ती नाटकाच्या दाराने आली. तीच केवळ अल्बमरूपाने आली असती, तर त्यांची दखल कोणी घेतली असती, याविषयी मला शंका वाटते.

वेळीच समीक्षा न झाल्यास काय होते, याचा दाखला बंगालात आहे. कलकत्त्याच्या 'मोहीनेर घोडागुली' या वाद्यवृंदाने १९७७ साली आपला पहिला अल्बम काढला. जीबनानंद दास यांच्या कवितेतून नाव घेणाऱ्या त्या तरुणांची त्या काळी फारशी कदर झाली नाही. १९९५ साली त्यांच्या पुढाकाराने नवा संग्रह निघाला, तेव्हा कोठे पुढच्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतले. मधली जवळजवळ दोन दशके वाया गेली. आपल्याकडील गुणी मंडळींवर तशी पाळी येऊ नये.

मी स्तुतीची मागणी करीत नाही. जे बेसूर असेल त्यास बेसूर म्हणावे, जे उसने असेल त्याचे माप त्याच्या पदरात घालावे. पण कानावर पडण्यापूर्वीच कोणास बेदखल करू नये. महिन्यातून एक रकाना, रागसंगीत आणि रॉक या दोहोंची जाण असलेला एक परीक्षक, आणि अल्बम कोणी केला, कोणत्या भाषेत केला, त्यात नवे काय साधले याचा निःपक्ष निवाडा, एवढी तरतूद पुरेशी आहे. पुस्तकाच्या दोन प्रती अभिप्रायार्थ मागविण्याची जी रीत वृत्तपत्रांत रूढ आहे, तीच या अल्बमांनाही लागू करावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
उमरखेड, जि. यवतमाळ