झावी येणार होता म्हणे! फुटबॉलच्या अफवा, खेळाडूचा दर आणि खरा दर्जा

जुलै २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात एक बातमी मोबाइलवर जोरात फिरली. स्पेनचा झावी, म्हणजे २०१० चा विश्वविजेता आणि बार्सिलोनाचा माजी प्रशिक्षक, यानं भारतीय संघाचा प्रशिक्षक होण्यासाठी अर्ज केलाय. त्याचा पगार परवडणार नाही म्हणून अर्ज बाजूला ठेवला, असंही त्यात होतं. मग काय, महासंघाला शिव्या सुरू. 'एवढा मोठा माणूस स्वतःहून येतोय आणि यांना पैसे जड झाले!'

दुसऱ्याच दिवशी अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं खुलासा केला. झावी आणि पेप गार्डिओला यांच्या नावानं आलेले ई-मेल खरे नव्हते. म्हणजे अर्जच आला नव्हता, आणि लोक मात्र तो नाकारला म्हणून भांडत होते. १ ऑगस्टला खालिद जमील यांची नेमणूक झाली.

आता त्याच महिन्यातली दुसरी बातमी बघा. इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम करार अडकल्यामुळं थांबवल्याचं क्लबांना कळवलं गेलं. पुढं काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. शेकडो खेळाडूंच्या पोटाचा हा प्रश्न. पण चर्चा झाली ती न आलेल्या झावीची. अफवा खोटी असते एवढंच तिचं नुकसान नसतं. ती खऱ्या बातमीची जागा खाते.

जिल्ह्याला हे नवं नाही

कोल्हापूर जिल्ह्यात फुटबॉल टीव्हीवरून आलेला नाही. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल ही नावं इथं पेठापेठांत मानानं घेतली जातात. केएसएची खेळाडू नोंदणी जवळ आली की शाहू स्टेडियमभोवतीच्या चहाच्या गाड्यांवर एकच विषय. कोण कुठल्या तालमीकडून खेळणार, कोण फुटणार, बाहेरचा कोण येणार, परदेशी गडी कोण आणणार. करवीर, पन्हाळा, कागलच्या गावांतली पोरंही यात मागं नाहीत.

फरक एवढाच, की तालमीतल्या खेळाडूची खात्री पेठेत जाऊन करता येते. लिव्हरपूलच्या किंवा रिआल माद्रिदच्या खेळाडूची करता येत नाही. तिथं मोबाइलवर जे येईल ते खरं धरलं जातं. म्हणून ही अफवा तयार कशी होते, ते आधी समजून घ्यायला हवं.

अफवेचा मालक कोण?

ऊस पट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको. हंगाम सुरू व्हायच्या आधी 'अमुक कारखाना एवढी उचल देणार' असा मेसेज येतो. जाणता शेतकरी आकडा नंतर बघतो. हा मेसेज कुणाच्या फायद्याचा आहे, हे आधी बघतो. फुटबॉलच्या बदली बाजारातही तेच करावं.

'अमुक खेळाडू तमुक क्लबकडं जाणार' ही बातमी चार ठिकाणांहून निघू शकते. एक, खेळाडूचा एजंट. दुसऱ्या क्लबचं नाव पुढं आलं की आहे त्या क्लबकडून पगार वाढवून घेता येतो. दोन, विकणारा क्लब. चार गिऱ्हाईकं आहेत असं दिसलं की दर चढतो. तीन, घेणारा क्लब. चाहते नाराज असले की 'आम्ही मोठ्या नावाच्या मागं आहोत' हे दाखवायचं असतं. चार, नुसती पेजवाली मंडळी. त्यांना लाईक हवेत, खेळाडू कुठंही जावो.

२०१५ च्या उन्हाळ्याचं उदाहरण घ्या. सर्जिओ रामोस माद्रिद सोडून मँचेस्टर युनायटेडला जाणार, अशी हवा महिनाभर होती. ऑगस्टमध्ये त्यानं रिआल माद्रिदशीच २०२० पर्यंतचा नवा करार केला. त्या हवेचा उपयोग कुणाला झाला, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

आणि सगळं ठरलं तरी काम झालं असं नसतं. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला गोलकीपर डेव्हिड डे हेआची मँचेस्टर युनायटेडमधून रिआल माद्रिदला बदली पक्की ठरली होती. कागद वेळेत पोचले नाहीत आणि व्यवहार मोडला. तो पुढं २०२३ पर्यंत मँचेस्टरलाच खेळला. १ सप्टेंबर २०२५ ला मार्क गेही लिव्हरपूलला जाणार म्हणून त्याची वैद्यकीय तपासणीही उरकली होती. शेवटच्या घडीला क्रिस्टल पॅलेसनं माघार घेतली.

टोमॅटोचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा दर वेगळा आणि हातात पडलेली पट्टी वेगळी. इथं पट्टी म्हणजे क्लबची अधिकृत घोषणा. ती येईपर्यंत सगळं बोलणंच.

जास्त दर म्हणजे चांगला माल?

चाहत्यांची दुसरी गल्लत दर्जाबाबत होते. जेवढे कोटी जास्त, तेवढा खेळाडू भारी, असं धरलं जातं. पण खेळाडूचा दर बऱ्याच गोष्टींवर ठरतो. करार किती वर्षांचा उरलाय, वय काय, विकणाऱ्याला किती गरज आहे, घेणाऱ्याला किती घाई आहे. किलियन एम्बापे २०२४ मध्ये पॅरिस सोडून माद्रिदला गेला तेव्हा पॅरिसला बदलीचा एक पैसा मिळाला नाही, कारण त्याचा करार संपला होता. म्हणून तो काय कमी दर्जाचा झाला का?

उलट बाजू फिलिपे कौटिन्योची. जानेवारी २०१८ मध्ये बार्सिलोनानं त्याला सुमारे १४ कोटी पौंडांना लिव्हरपूलकडून घेतलं. लिव्हरपूलमध्ये तो भारीच होता. पण बार्सिलोनात त्याची आवडती जागा आधीच मेस्सीसारख्यांनी धरलेली. त्याला कडेला खेळवलं आणि त्याचा खेळ आटला. मे २०१९ मध्ये त्याच लिव्हरपूलनं बार्सिलोनाला ४-० हरवून चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं. पुढच्या हंगामासाठी बार्सिलोनानं त्याला बायर्न म्युनिकला उसना दिला. ऑगस्ट २०२० मध्ये बायर्ननं बार्सिलोनाला ८-२ धुतलं, त्यातले शेवटचे दोन गोल याच कौटिन्योचे. गडी तोच होता, जुंपणी चुकली होती.

आता एन्गोलो कांटे. २०१५ मध्ये लेस्टरनं त्याला सुमारे ५६ लाख पौंडांना घेतलं, म्हणजे मोठ्या क्लबांच्या हिशेबानं सुट्टे पैसे. त्या लीग हंगामात त्यानं गोल केला फक्त एक. पण समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेण्यात आणि मधेच पास तोडण्यात तो लीगमध्ये पहिला होता. लेस्टर विजेता झाला. पुढच्या वर्षी तो चेल्सीला गेला, चेल्सी विजेता झाली. २०१८ ला फ्रान्सनं विश्वचषक जिंकला, तिथंही हा होताच. गोलांच्या दोन मिनिटांच्या क्लिपा बघून खेळाडू पारखणाऱ्याला कांटे कधी दिसलाच नसता.

ताजं उदाहरण अलेक्झांडर इसाकचं. २०२४-२५ मध्ये न्यूकॅसलकडून त्यानं लीगमध्ये २३ गोल मारले. बदलीसाठी तो अडून बसला आणि हंगामाआधीचा सराव त्यानं संघाबरोबर केला नाही. १ सप्टेंबर २०२५ ला लिव्हरपूलनं १२ कोटी ५० लाख पौंड मोजून त्याला घेतलं. आपल्या पैशात हे १४०० कोटींच्या वर जातं. पुढचे महिने तो चाचपडतच राहिला आणि २० डिसेंबरला टॉटेनहॅमविरुद्ध गोल मारतानाच त्याचा पाय मोडला. यावरून तो वाईट खेळाडू ठरत नाही. पण पेरणीआधीची मशागत चुकली की भारी बियाणंही दमतं, एवढं मात्र दिसतं.

मग पारख कशी करायची?

बैल बाजारात नुसती शिंगं रंगवलेली बघून कुणी पैसे मोजत नाही. दात बघतात, चालवून बघतात, जुंपून बघतात. खेळाडूचंही तसंच.

अख्खी मॅच बघा, क्लिप नको. चेंडू पायात नसताना तो काय करतो ते बघा. ७५ मिनिटांनंतर पळतो का बघा. एका हंगामावर जाऊ नका, दोन-तीन हंगाम धरा. किती मॅच दुखापतीत गेल्या ते मोजा. नव्या संघात त्याची जागा मोकळी आहे का, हे तर सगळ्यात आधी. एवढं बघितलं तर निम्मे वाद आपोआप मिटतील.

हीच फूटपट्टी खालिद जमील यांनाही लावावी. नाव झावीइतकं मोठं नाही. पण छोट्या आयझॉल क्लबला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून देणारा हा प्रशिक्षक. नेमणुकीनंतर थोड्याच आठवड्यांत भारतानं काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. तेव्हा त्यांना डोक्यावर घेतलं. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ हरून २०२७ च्या आशियाई चषकाची संधी गेली, तेव्हा तीच मंडळी 'झावी हवा होता' म्हणू लागली. दोन्ही वेळा घाईच झाली.

घरापर्यंत येणारी अफवा

हे सगळं नुसत्या गप्पांपुरतं असतं तर प्रश्न नव्हता. पण अफवेवर विश्वास ठेवायची सवय लागली की तिचा फटका घरात बसतो.

पहिला फटका पैशाचा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आणली. तरी 'आतली खबर' आणि 'पक्की मॅच' विकणारे ग्रुप भेटतातच. ज्याच्याकडं खरंच पक्की खबर आहे, तो ती पाचशे रुपयांना अनोळखी पोराला कशाला विकेल?

दुसरा फटका जास्त जिव्हारी लागणारा. गावातला पोरगा चांगला खेळतो, त्याचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर जातो आणि एक दिवस मेसेज येतो. 'मोठ्या क्लबच्या चाचणीसाठी तुमच्या मुलाची निवड झाली आहे. नोंदणी, व्हिसा आणि राहण्याचे पैसे आधी भरा.' बाप उसाच्या बिलातून किंवा जनावर विकून पैसे काढायला निघतो. इथं थांबायचं. क्लबच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून विचारायचं. जिल्हा संघटनेला, नाहीतर पोराच्या प्रशिक्षकाला दाखवायचं. वैयक्तिक खात्यावर एक रुपया पाठवायचा नाही. पैसे गेलेच असतील तर लाजत न बसता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. जेवढा उशीर, तेवढे पैसे परत मिळायची आशा कमी.

वर जायची खरी वाट या जिल्ह्यानं पाहिलेली आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. पुढं जमशेदपूर, हैदराबाद अशा क्लबांकडून सुपर लीगमध्ये उतरला. या वाटेला वर्षं लागतात, मैदान लागतं, चांगला प्रशिक्षक लागतो.

लिव्हरपूल कुणाला घेणार यावर रात्री बारापर्यंत खुशाल भांडा, त्यात मजा आहेच. पण आपल्या तालुक्यात पोरांना खेळायला सपाट मैदान किती गावांत आहे, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी विचारावा. त्याचं उत्तर मिळवायला कुठल्या एजंटाची गरज नाही.