मर्यादा एक, निकाल दोन

लीगमधील कोणत्याही संघाने खेळाडूंच्या मानधनावर ठरावीक रकमेपेक्षा अधिक खर्च करू नये, या नियमाला वेतनमर्यादा म्हणतात. धनाढ्य मालकाने सगळे नामवंत खेळाडू आपल्याकडे ओढून स्पर्धेतील चुरस संपवू नये, हा तिचा हेतू असतो. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलने १९९४ पासून सर्व संघांना एकच मर्यादा लावली. स्पेनच्या ला लीगामध्ये मात्र ती प्रत्येक क्लबच्या उत्पन्नाशी जोडलेली असल्याने कर्जबाजारी बार्सिलोनाला ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द लिओनेल मेसीला गमवावे लागले. प्रो कबड्डी लीगने पहिला मार्ग पत्करला असून दहाव्या हंगामासाठी, २०२३ मध्ये, ही मर्यादा ४ कोटी ४० लाखांवरून ५ कोटी रुपयांवर नेण्यात आली.

त्या हंगामाच्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. संघात किमान अठरा खेळाडू लागतात, हे लक्षात घेतल्यास उरलेल्या सतरा जणांच्या वाट्याला सरासरी चौदा लाखच येतात आणि बावीस सामन्यांत केवळ दोन विजय मिळवून हा संघ तळाला राहिला. एकाच खेळाडूवर निम्मी रक्कम उधळण्याची ही शिक्षा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु पुणेरी पलटणनेही इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख, म्हणजे मर्यादेच्या ४७ टक्के रक्कम मोजली होती आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून विजेतेपद पटकावले.

फरक होता तो उरलेल्या निम्म्यात. लिलावाबाहेरून, नवोदित खेळाडूंच्या स्वतंत्र गटातून कमी मानधनावर मुले घेऊन त्यांना पुढील हंगामांसाठी कायम ठेवण्याची मुभा लीग देते. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला कर्णधार अस्लम इनामदार याच वाटेने पुण्याच्या संघात रुजला. वेतनमर्यादा पैसा समान करते, पारख आणि प्रशिक्षण समान करत नाही. म्हणूनच ज्याची मैदानाशी जवळीक अधिक, त्याच्या ५ कोटींचे मोल अधिक ठरते.

पालघर जिल्ह्याने या हिशेबाकडे पाहायला हवे ते याच कारणासाठी. २०१४ मध्ये लीगचा पहिला हंगाम सुरू झाला, त्यानंतर आठवडाभरातच, १ ऑगस्टला, हा जिल्हा अस्तित्वात आला. येथे गावोगावी कबड्डी खेळली जाते, मात्र मातीवर. लीगचे सामने होतात मॅटवर, आणि पकड, चढाई, पदन्यास यांची सवय मॅटवर नव्याने लावावी लागते. दुसरीकडे बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषध, रसायन, पोलाद आणि कापड उद्योग उभे आहेत. महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांसारख्या आस्थापनांनी व्यावसायिक गटातील संघ उभारून खेळाडूंना नोकरी दिली, ती परंपरा तारापूरला परकी असण्याचे कारण नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्चावी लागते आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण त्या यादीत स्पष्टपणे नोंदलेले आहे.

तारापूरच्या उद्योजक संघटनेने हा निधी एकत्र करून बोईसरला मॅटचे बंदिस्त सभागृह, पूर्णवेळ प्रशिक्षक आणि किमान दोन-तीन कारखान्यांचे संघ एवढी सुरुवात केली, तरी पुरे. खेळाडूला नोकरीचा आधार अत्यावश्यक आहे, कारण लिलावात कोटींच्या बोली मोजक्यांनाच लागतात, दहाव्या हंगामात लिलावातील सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत ९ लाख होती आणि एका दुखापतीने तीही हातची जाऊ शकते. ५ कोटींच्या चौकटीत बसणाऱ्या गुणी आणि स्वस्त खेळाडूच्या शोधात लीगचे संघ गावोगाव फिरणारच. आपल्या मुलाला अल्प मानधनावर कुणी घेऊन गेले, अशी तक्रार करण्याआधी त्याला घडवण्याचा खर्च या जिल्ह्याने उचलायला हवा.