राजकारण दोरावर नको, पायथ्याला हवं

आम्हा शिरूर-दौंडकडच्या गिर्यारोहकांना अंगणात डोंगर नाही. घोड आणि भीमेच्या काठची सपाट रानं, ऊस, कांदा, रांजणगावची एमआयडीसी, दौंडचं जंक्शन. डोंगर गाठायचा तर पहाटे तीनला गाडी काढून शंभरेक किलोमीटर तुडवावे लागतात. एवढ्या वाटेत माणसं बोलणारच, आणि आमच्या भागात चार माणसं बोलायला बसली की राजकारण निघतंच. म्हणून आमच्या मंडळींत फार पूर्वीपासून एक नियम आहे. आमचे ज्येष्ठ काका गाडी सुरू होताच तो ऐकवतात, "राजकारण घरी ठेवून यायचं. ज्याला जमत नसेल त्यानं इथंच उतरायचं." बारा वर्षं मी हा नियम पाळला, नव्या पोरांना पाळायला लावला. आज मला तो चुकीचा वाटतो.

काकांची बाजू मात्र हलकी नाही. नाणेघाटाकडून जीवधन चढताना शेवटी एक कातळटप्पा लागतो. उंची फार नाही, पण घसरलं तर मागे सावरायला जागा नाही. तिथे एकदा वर चढणारा मुलगा पायाने खाच चाचपत होता. खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे त्याचा दोर सांभाळणाऱ्याच्या, मागे दोघांत आरक्षणावरून जुंपली होती. बिले देणाऱ्याला राहवलं नाही, त्याने मान वळवून एक वाक्य टाकलं. त्याच क्षणी वरच्याचा पाय सुटला. दोर हातभर ढिला राहिला होता. मुलगा चार फूट खाली येऊन लटकला, गुडघा सोलला, हार्नेस मांडीत रुतला. दोर वेळेवर ताणला गेला म्हणून तेवढ्यावर निभावलं. काका त्या दिवशी कुणावर ओरडले नाहीत. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललंही नाही.

दुसरी आठवण जास्त बोचते. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमाला जी दंगल झाली ती आमच्याच शिरूर तालुक्यात झाली. त्याआधी जिथे तणाव झाला ते वढू बुद्रुकही आमच्याच तालुक्यात. तिथल्या 1818 च्या लढाईत उतरलेली इंग्रजांची तुकडी निघाली तीही शिरूरच्याच छावणीतून. त्या दंगलीनंतर आमच्यातले दोघे एका दोरावर येईनासे झाले. पाच वर्षं एकमेकांच्या भरवशावर कडे उतरलेली ही माणसं. एकाने येणंच सोडलं. "बघितलंस राजकारणाने काय केलं?" असं काका म्हणाले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज आहे. ती दोघं एकमेकांशी राजकारणावर बोलली म्हणून तुटली नाहीत. बोललीच नव्हती, म्हणून तुटली. पाच वर्षांत एकाच्या घरी 1 जानेवारीचा अर्थ काय आणि दुसऱ्याच्या घरी वढूचा अर्थ काय, हे त्यांनी एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. नियमच तसा होता. मग जे कळलं ते दंगलीच्या दिवशी आणि तिसऱ्याच्या तोंडून. दोरावर विश्वास ठेवायला आम्ही त्यांना शिकवलं. दोराच्या पलीकडच्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला शिकवलं नाही.

काकांचा दुसरा मुद्दा असा की डोंगर या सगळ्याच्या वर आहे, तिथे माणूस मोकळा होतो. ही भावना मलाही ठाऊक आहे, पण ती वस्तुस्थिती नव्हे. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही ही डोंगरवाट राज्यसत्तेच्याच देखरेखीखाली होती. आपण ज्यांच्यावर चढतो ते गड तर बांधलेच राज्य राखण्यासाठी. त्या गडांवर जाऊन राजकारण नको म्हणणं म्हणजे विहिरीवर जाऊन पाण्याचं नाव काढू नका म्हणण्यासारखं आहे.

आणि आपण गप्प बसलो म्हणून डोंगराविषयी निर्णय व्हायचे थांबत नाहीत. 2018 साली राज्य सरकारने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेचा शासन निर्णय काढला, त्यावर गिर्यारोहण संस्थांना जाहीर हरकती घ्याव्या लागल्या. 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. सप्टेंबर 2019 मध्ये 25 किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याची बातमी आली. लोक संतापले, तेव्हा संरक्षित ऐतिहासिक किल्ले त्यात नाहीत असा खुलासा सरकारला करावा लागला. राजगडावर रोपवेची घोषणा झाली तेव्हा तिला पहिला विरोध केला तो राजगड पायांनी ओळखणाऱ्यांनीच. पावसाळ्यात कोणत्या वाटा बंद, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने ठरतं. यातली एकेक गोष्ट राजकारणाची आहे. "राजकारण नको" या नियमाने त्यातलं काहीही टळलं नाही. आपलं म्हणणं तेवढं टळलं.

कुणी म्हणेल, डोंगराजवळच्यांनी बघावं, सपाटीवरच्यांचा काय संबंध? मतदारसंघांचा नकाशा उघडून बघा. शिरूर लोकसभा मतदारसंघात शिरूरबरोबर जुन्नर, आंबेगाव आणि खेड येतात. म्हणजे शिवनेरी, जीवधन, चावंड, हडसर आणि भीमाशंकर यांचा खासदार निवडताना आमच्या न्हावरे-तळेगावच्या शेतकऱ्याचंही मत मोजलं जातं. दौंड बारामती लोकसभेत आहे, त्याच मतदारसंघात भोर आणि पुरंदर. राजगड, तोरणा आणि पुरंदरचं भवितव्य दौंडच्या मतपेटीतूनही जातं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले, त्यांत शिवनेरी आमच्या एका मतदारसंघात आणि राजगड दुसऱ्यात. पाण्याचंही तसंच. भीमा भीमाशंकरला उगवून दौंडला येते, घोड आंबेगावच्या डोंगरातून शिरूरला. ज्या सह्याद्रीच्या पावसावर आमचा ऊस उभा आहे, त्याच्याविषयी बोलायचा अधिकार आम्हाला नाही, तर कुणाला?

डोंगरासाठी राजकारण करणं नवंही नाही. 1932 साली 24 एप्रिलला इंग्लंडमध्ये शेकडो पदभ्रमणकर्ते जमीनदारांची बंदी मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले. त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. पुढे 1949 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात फिरण्याच्या हक्कांचा कायदा झाला, त्यामागे या मंडळींनी लावून धरलेली मागणी होती. डोंगर मोकळे राहावेत म्हणून त्यांनी राजकारण केलं, आणि ते उघडपणे केलं.

माझी भूमिका उलट्या टोकाचीही नाही, हे इथेच स्पष्ट करतो. गडावर पक्षाचा झेंडा रोवणारे, प्रत्येक बुरुजावर जात शोधणारे आणि डोंगर चढून दुसऱ्याच्या घरावर दगड घालणारे मला मान्य नाहीत. 14 जुलै 2024 ला अतिक्रमण काढण्याच्या नावाखाली विशाळगडाच्या वाटेवर गजापुरात घरांची आणि मशिदीची जी मोडतोड झाली, तिला मी गडप्रेम म्हणणार नाही. अतिक्रमण काढायचं तर त्याला कायदा आहे. कड्याला नखं लावून चढणाऱ्या माणसाने झुंडीत सामील होणं हा गिर्यारोहणाचाच अपमान आहे. पण असे लोक आहेत म्हणून आपण तोंड बंद ठेवलं, तर गडाविषयी बोलणारे तेवढेच उरतात.

आता माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव दिसत नाही हे आधी एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं. नऊ वर्षांनी, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या वाटेवरची इर्शाळवाडी. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ता राहिली. त्या रात्री अंधारात, चिखलातून चढून मदतीला गेलेल्यांत गिर्यारोहक होते, त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. इर्शाळगडावर जाणारे आपण वर्षानुवर्षं त्याच वाडीतून गेलो. तिथल्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाल्ली, त्या घरांच्या मागचा उतार बघितला. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे नंतर सरकारनेच सांगितलं. यादीत कोणतं गाव घ्यायचं, कोणतं नाही, कुणाचं पुनर्वसन आधी करायचं, हा पूर्णपणे राजकीय निर्णय असतो. पायथ्याच्या वाड्यांमागचे उतार दरवर्षी बघणारे सरकारी माणसांपेक्षा आपणच जास्त. माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला, तेव्हा त्यावर गावोगाव चर्चा व्हावी असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या गाडीत त्या अहवालाचं नावही निघालं नाही. राजकारण नको होतं ना.

काका, तुमचा नियम मी अर्धा ठेवतो. हातात दोर असेल, कुणी कड्यावर असेल, तोवर आरक्षण, निवडणूक, पक्ष यातलं एक अक्षरही नाही. याबाबत मी तुमच्याहून कडक आहे. पण खाली उतरून चहा हातात आला की बोलायचं. ज्याच्याशी पटत नाही त्याच्या शेजारी बसून बोलायचं. आणि बोलणं तिथेच सोडायचं नाही.

शिरूर-दौंडच्या सगळ्या डोंगरवेड्यांना माझी विनंती आहे. येत्या पावसाळ्याआधी तुमच्या नेहमीच्या गडाच्या पायथ्याची वाडी एकदा नीट बघा. वरच्या उताराला भेग आहे का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येतं का, झाडं कललीत का, हे त्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. जे दिसेल ते फोटोसह तिथल्या तहसीलदाराला लेखी द्या, एक प्रत आपल्या आमदार-खासदाराला द्या. अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नका.