दुखण्यावर झिणझिण्यांचा उतारा?

दाराला कोपर आपटलं की तुमचा हात आपोआप तिथे जातो. दोन मिनिटं चोळलं की बरंही वाटतं. असं का होतं, याचं उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार असतं. स्पर्शाचे संदेश तिथे पोहोचले की वेदनेचे संदेश मागे रोखले जातात.

याच विचारावर टेन्स नावाचं यंत्र चालतं. दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये कंबर किंवा गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपिस्टकडे गेलात, तर कदाचित तुम्हीही ते पाहिलं असेल. त्वचेवर चिकट पट्ट्या लावून हलका विद्युतप्रवाह सोडतात. सुई नाही, चिरफाड नाही, नुसत्या झिणझिण्या.

याच्याही पुढचं काम दिल्लीच्या एम्समध्ये झालं आहे. तिथल्या शरीरक्रियाशास्त्र विभागाने डोक्याबाहेरून मेंदूला चुंबकीय लहरी देऊन फायब्रोमायल्जियाच्या वेदना कमी होतात का, याचा अभ्यास केला. मात्र ते घरी करायचं काम नाही.

मग आईसाठी आजच टेन्स मागवायचं का? जरा थांबा. काहींना यंत्र सुरू असेपर्यंत आराम मिळतो, काहींना फारसा नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असंच सांगितलं. म्हणजे हा इलाज नव्हे, फार तर मदतनीस. आराम वाटतो तेवढ्या वेळात चाला, शिकवलेले व्यायाम करा. खरा फायदा तिथे आहे.

हे लक्षात ठेवा

* पेसमेकर असेल तर टेन्स वापरू नका. गरोदरपणात किंवा फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
* गळ्याच्या पुढच्या बाजूला, छातीवर, जखमेवर किंवा बधिर त्वचेवर पट्ट्या लावू नका.
* आंघोळ करताना, झोपेत किंवा गाडी चालवताना यंत्र बंद ठेवा.
* पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घ्या.

दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं, तर ‘वयच झालं आता’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर यंत्र बाजूला ठेवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. वेदना म्हणजे शरीराने मारलेली हाक असते. ती दाबण्याआधी एकदा ऐका.