बसऱ्याला गेलेले चुलत पणजोबा

निगडीहून एका शेतकरी घरातल्या तरुण वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्या पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती झाले, बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. घरात पिढ्यान्‌पिढ्या एवढेच सांगत आले. निगडी-आकुर्डीकडच्या जमिनी 1972 नंतर प्राधिकरणाकडे गेल्या. त्याबाबतचे वारसांचे कागद आता पुन्हा जुळवताना या एका नावापुढे गाडे अडले आहे. मयत लिहायचे की बेपत्ता? अमेरिकेतले लोक म्हणे लष्करभरतीच्या आणि जनगणनेच्या कागदांतून पूर्वज शोधून काढतात. आपल्याकडे तसे जमेल का, असे ते विचारतात.

जनगणनेची आशा सोडावी. अमेरिकेत 72 वर्षे उलटली की माणसांच्या नावांसह सगळी खानेसुमारी खुली करतात. 1950 सालची 2022 मध्ये खुली झाली. आपल्याकडे पहिली शिरगणती 1872 साली झाली आणि 1881 पासून दर दहा वर्षांनी डोकी मोजली गेली, पण नावांच्या चिठ्ठ्या जपण्याची रीत नव्हती. शिवाय 1948 च्या जनगणना कायद्याने कोणा एकाची नोंद पाहता येत नाही, की कोर्टात पुरावा म्हणून मांडता येत नाही. जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत गावात घरे किती आणि माणसे किती ते कळेल. आपला माणूस काही त्यात सापडायचा नाही.

सक्तीच्या भरतीचेही तेच. अमेरिकेत 1917-18 मध्ये सुमारे 2 कोटी 40 लाख पुरुषांची कायद्याने नोंद झाली, तसे इथे झाले नाही. हिंदुस्थानात 1917 साली सक्ती झाली ती इथे राहणाऱ्या युरोपियनांवर. आपली माणसे मर्जीने गेली असे दप्तर म्हणते. मर्जी किती आणि रिकामी कणगी किती, हा हिशेब वेगळा. पंजाबात गावोगावच्या शिपायांची रजिस्टरे झाली. ती लाहोरच्या संग्रहालयात राहिली आणि त्यांतली सुमारे 3 लाख 20 हजार नावे अलीकडे खुली झाली. आपल्या पुणे, सातारा, रत्नागिरीकडच्या गावांत चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत दगडी पाटी बसवलेली दिसते. या गावचे इतके लोक लढाईवर गेले, पैकी इतके मेले, एवढाच तिच्यावर मजकूर. साताऱ्याच्या अपशिंग्याचे 46 जण गेल्याचे सगळे सांगतात. पण पाटीवर नावे नाहीत.

बसऱ्यालाही असेच घडले. तिथल्या मोठ्या स्मारकावर हिंदी अंमलदारांची नावे कोरली, साध्या शिपायांचा नुसता आकडा घातला. ही माणसे त्या मुलखात कशी पोचली तेही सांगतो. इराकात लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन होते. तिच्याबरोबर 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी कूत येथे वेढ्यात सापडल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी उपासमारीने शरण गेल्या. कैदेत कितीतरी मेले.

दगडावर नसलेली नावे कागदावर मात्र आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेने युद्धात मेलेल्यांची यादी ठेवली आहे. ती संगणकावर फुकट पाहता येते. 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 पर्यंतचे मृत्यू तिच्यात धरले आहेत. नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळ ठिकाणी बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो. शोधताना आडनावावर जाऊ नये. आपल्याकडची नावे बहुधा पहिल्या नावापासून लिहिली आहेत, म्हणजे धोंडी, बाबाजी, तुकाराम असे बघावे. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले, तेव्हा एकेका नावाची चार-पाच स्पेलिंगे करून पाहावीत. पुण्याचे पूना, खडकीचे किरकी झाले, तिथे निगडीचे काय झाले असेल याचा अंदाज करा.

आणि गावावर एकदम विश्वास टाकू नका. निगडी सातारा जिल्ह्यात आहे, सांगलीतही आहे. आपली निगडी तेव्हा हवेली तालुक्यातली. चाकणकडच्यांनीही ध्यानात घ्यावे, खेड तालुका पुण्यात आहे तसा रत्नागिरीतही आहे. बापाचे नाव, तालुका आणि जिल्हा तिन्ही जुळले तरच माणूस आपला.

तारीख हाती आली की तहसिलीत त्या साली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत झालेले आपल्या गटाचे फेरफार मागावेत. भावाचे नाव कमी केले असेल तर कारण लिहिलेले असते. कोतवाल बुकही पाहावे, पण परमुलखातले मरण त्यात चढले असेलच असे नाही. ते मोडीत असले तर जाणत्याकडून वाचून घ्यावे. कमिशनच्या यादीतला उतारा वारसाच्या कामी कितपत चालेल ते वकिलाला विचारा, अंदाजाने खर्चात पडू नका.

ज्यांच्या घरचे दुसऱ्या महायुद्धात होते त्यांची वाट थोडी सोपी आहे. राज्य सरकार त्या सैनिकांना व त्यांच्या विधवांना मानधन देत आले, त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फाईल असू शकते. तीत पलटणीचा नंबर मिळाला की मराठा पलटणीसाठी बेळगाव, महार पलटणीसाठी सागर, सॅपर्ससाठी आपली खडकी, अशा रेकॉर्ड ऑफिसांना लिहिता येते. नंबराशिवाय लिहिलेल्या पत्राला उत्तराची आशा कमीच.

तेव्हा पत्रलेखकाने आधी घरातली पत्र्याची ट्रंक उघडावी. पहिल्या लढाईच्या चांदीच्या बिल्ल्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. भिंगातून पाहावी लागते. मेलेल्याच्या घरी बशीएवढी काशाची तबकडीही येत असे, तिच्यावर त्याचे पूर्ण नाव असते. थोरल्या आत्यांना, चुलत घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. अशी तबकडी कोणी देव्हाऱ्यात ठेवलेली असते, कोणी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून.